पद्मिनीचा फ्लोअर पत्रा बदलायचाय: चांगला पत्रा कुठे मिळेल?

वाशिष्ठीकाठचा, १२ नोव्हेंबर २०२४

मंडळी, वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळ रंग पांढरा. आताचा रंग बघणाऱ्याने ठरवावा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हा गाडी अंगणातच होती, सीटा पूर्ण पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर इंजिन उतरवलं, धुतलं, वायरिंग नवं केलं, सीटा उन्हात टाकल्या. दोन महिन्यांत गाडी सुरू झाली आणि गल्लीत पेढे वाटले. फ्लोअरकडे मात्र कुणी बघितलं नाही. कार्पेट वाळलं, परत अंथरलं, संपला विषय.

परवाच्या पावसाळ्यात आईला घेऊन चाललो होतो. बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे एका डबक्यातून गाडी गेली आणि मागे बसलेल्या आईची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. खालून! तेव्हापासून ती पाय सीटवर मांडी घालूनच बसते. घरी येऊन कार्पेट उचललं, डांबरी शीटचा पोपडा काढला, तर खाली पत्रा पापडासारखा. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो आरपार जमिनीला लागला.

मागचा डावा पाय ठेवायचा भाग पूर्ण गेलाय, ड्रायव्हरच्या टाचेखाली हाताचा पंजा जाईल एवढं भोक आहे. इथला डेंटर म्हणतो, "वरून पत्रा मारून देतो, दोन दिवसांचं काम." ऑनलाइन एक जण 'फियाट फुल फ्लोअर सेट, २० गेज' विकतोय. घ्यावा का? कुणाला अनुभव?

---

तिखटशेव, १२ नोव्हेंबर २०२४

कोकणात फ्लोअरला भोक म्हणजे दोष नव्हे, वरून आलेलं पाणी जायची सोय. तुमच्या आईंनी ती उलट दिशेने वापरली एवढंच.

(जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न आणतो.)

---

ग्रीसगन, १३ नोव्हेंबर २०२४

आधी काहीही विकत घेऊ नका. पत्रा किती लागणार हे तुम्हाला अजून माहीत नाही. दिसतंय ते भोक, गंज त्याच्या दुप्पट असतो.

सगळ्या सीटा, कार्पेट, डांबरी शीट बाहेर. डांबर काढायला पुण्यात डिसेंबरची पहाट बरी पडते, थंडीत ते कडक होतं आणि छिन्नीने कपच्या उडतात. चिपळुणात तेवढी थंडी कुठली, त्यामुळे हॉट एअर गन आणि पत्र्याचं उलथनं. वास दोन दिवस नाकातून जात नाही. मग छोटी हातोडी घेऊन एक-एक बोट अंतरावर वाजवत जा. चांगला पत्रा 'टण' म्हणतो, मेलेला 'थप' म्हणतो. खडूने सीमा आखा.

आता खरी गोष्ट. आपल्या फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. पद्मिनीचं मूळ मॉडेल म्हणजे फियाट ११००/१०३. १९५३ साली ते इटलीत आलं तेव्हापासून या गाडीची बॉडीच चेसिस आहे. फ्लोअर, दोन्ही बाजूंच्या सिल (दारांखालच्या लांब पोकळ पेट्या), सीटखालचे आडवे चॅनेल आणि मधला बोगदा मिळून गाडी ताठ राहते. म्हणजे फ्लोअर हा पाट नव्हे, तो खांब आहे. त्यामुळे पुढच्या जागा तपासल्याशिवाय पत्र्याची किंमतसुद्धा विचारू नका: सिल आतून, जॅक लावायची जागा, सीटखालचा चॅनेल, आणि सगळ्यात आधी मागच्या पाट्याच्या स्प्रिंगचं पुढचं टोक बॉडीला जिथे धरलंय ती जागा. ती गेली असेल तर फ्लोअरचं भोक हा तुमचा छोटा प्रश्न आहे.

आणि 'वरून पत्रा मारतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. खाली सडका, वर नवा, मधे पाणी. दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात.

---

मोगरी_छिन्नी, १३ नोव्हेंबर २०२४

भावा, आमच्या घरात तीन पिढ्या डेंटिंग. कोल्हापुरातनं लिहितोय. पत्र्याबद्दल चार शब्द.

फ्लोअरला सीआर पत्रा लागतो, म्हंजे कोल्ड रोल्ड. दुकानात आयएस ५१३ म्हणून सांगायचं, वाकवायचा-ठोकायचा असल्यामुळं डीडी ग्रेड मिळाली तर बरं. तुझ्याच गाडीचा चांगला राहिलेला तुकडा काप, दोन्ही बाजूंनी घासून पांढरा कर आणि व्हर्नियरनं मोज. तेवढाच किंवा केसभर जाड पत्रा लाव. २० गेज म्हंजे ०.९१ मिमी, १८ गेज म्हंजे १.२२. काही लोक मजबूत म्हणून १६ नंबर मारतात. मग जोडावरचा जुना पातळ पत्रा जळतो आणि नवा तापतसुद्धा नाही.

जीआय पत्रा नको. जस्त असतं, गंजत नाही खरं, पण वेल्डिंगला बसलास की त्याचा पांढरा धूर छातीत जातो. रात्री हिवतापासारखी हुडहुडी भरते. माझ्या चुलत्यांनी एकदा भोगलंय.

आता ऑनलाइन पत्रा ओळखायची युक्ती. वजन कर. लोखंडाचा १ मिमी जाड, १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी गुणिले ७.८५. विकणारा खोटं बोलंल, तागडी बोलणार नाही.

---

वाशिष्ठीकाठचा, १९ नोव्हेंबर २०२४

ग्रीसगनदादा, तुमचा प्रतिसाद वाचायच्या आदल्या रात्रीच मी पैसे भरून मोकळा झालो होतो. सांगायला लाज वाटली म्हणून गप्प होतो.

आज पार्सल आलं. मागच्या डाव्या बाजूचा तुकडा ११० बाय ५० सेंमी. तसाच उचलून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेला आणि तांदळाच्या काट्यावर ठेवला. २ किलो ४०० ग्रॅम. दुकानदाराने विचारलं, "कसला भाव लावू?"

मोगरीभाऊंच्या हिशोबाने २० गेजचा भरायला हवा होता ३.९३ किलो. हा निघाला २४ गेज! वर काळा रंग जाड फासलेला. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "साहेब, कोटिंग धरून २० गेज आहे." पैसे परत नाहीत.

आणखी एक. मूळ फ्लोअरला लांबट उठाव आहेत, दाबून काढलेले. यावर नुसत्या दोन रेघा, त्यासुद्धा वेगळ्याच जागी. मधे अंगठ्याने दाबलं तर पत्रा 'टक' करून खाली आणि सोडला की 'टक' करून वर.

---

मोगरी_छिन्नी, १९ नोव्हेंबर २०२४

ते उठाव शोभेला नसतात भावा. सपाट पत्रा डब्याच्या झाकणासारखा वाजतो, गाडी ऐंशीला गेली की फ्लोअर गुरगुरायला लागतो. उठाव दिला की तोच पत्रा आडवा धरलेल्या काठीसारखा ताठ. उठाव नसलेला पत्रा फुकट मिळाला तरी घेऊ नको.

---

अॅल्युमिनियम_प्रेमी, २० नोव्हेंबर २०२४

एवढा त्रास कशाला? अॅल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा, बस-टेम्पोत असतो तो, पॉप रिव्हेट मारा आणि खाली सिलिकॉन. गंज नाही, वेल्डिंग नाही. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या मित्राने केलंय, तीन वर्षं झाली.

---

ग्रीसगन, २० नोव्हेंबर २०२४

मित्राची गाडी बस असेल तर ठीक आहे. टेम्पोला खाली चेसिस असते, वरचा पत्रा फक्त तुडवायला. इथे पत्राच भार घेतो, आणि रिव्हेटला तो झेपत नाही, भोकं लांबट होतात. शिवाय अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकून ओले राहिले की जोडावर खाणं सुरू होतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर विचारू नका. आणि सीट बेल्ट नंतर बसवलेला असेल तर त्याचं बूड फ्लोअरलाच असतं. धक्क्यात रिव्हेट टिकेल का, हे मित्राला विचारा.

---

कुर्ला_पश्चिम, २२ नोव्हेंबर २०२४

वय झालं, टंकायला वेळ लागतो, चुकभूल द्यावी घ्यावी.

ही गाडी आमच्या कुर्ल्यातच तयार व्हायची. आधी ११०० डिलाइट, मग काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. मेकॅनिकल पार्ट अजून मिळतात, कारण टॅक्सीवाल्यांनी मागणी धरून ठेवली होती. पत्रा वेगळा विषय. टॅक्सीवाला इंजिनाला खर्च करायचा, फ्लोअरला रबरी मॅट टाकायचा.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतून गेली. त्या सुमारास बरीच मंडळी भंगारात टॅक्सीचा फ्लोअर शोधायला आली. मी सगळ्यांना एकच सांगितलं, मुंबईच्या टॅक्सीचा फ्लोअर घेऊ नका. तिने वीस वीस पावसाळे नाल्याच्या पाण्यातून काढलेत. तुमच्यापेक्षा वाईट निघेल.

फ्लोअर हवा तर घाटावरचा घ्या, आणि घाट उतरणीला नव्हे, पार पलीकडचा. मंगळवेढा, सांगोला, बीड, लातूर. जिथे पाऊस नावाला, तिथे शेडमध्ये बारा वर्षं उभी असलेली गाडी. इंजिन गेलेलं असेल, काचा फुटलेल्या असतील, पण फ्लोअर खणखणीत. कारखान्याच्या प्रेसमधून निघालेला मूळ पत्रा, मूळ उठाव. त्याची सर नव्या कुठल्याच पत्र्याला नाही. कापून घेताना हावरटपणा करा, लागेल त्यापेक्षा चार बोटं जास्त. जादा पत्रा नंतर कापता येतो, कमी पडला तर वाढवता येत नाही. आणि गाडीचे कागद कुणाच्या नावावर, भंगारात रीतसर गेली का, हे विचारल्याशिवाय हात लावू नका.

---

पो_नदीकाठी, २३ नोव्हेंबर २०२४

तोरिनोहून नमस्कार. इथे फियाटची जन्मभूमी, त्यामुळे ११०० चे शौकीन अजून बरेच. फ्लोअरला इथे 'पियानाले' म्हणतात आणि काही जण नवे दाबलेले तुकडेही विकतात. पण मागवण्याआधी दोन गोष्टी. इथला ड्रायव्हर डावीकडे, तुमचा उजवीकडे, त्यामुळे पुढच्या भागातली भोकं आणि ब्रॅकेट उलट्या बाजूला येऊ शकतात. आणि इथे ११०० डी चार-पाच वर्षांतच बंद होऊन नवं मॉडेल आलं, तुमच्याकडे मात्र तीच गाडी पुढे चालत राहिली. विकणाऱ्याकडून मापाचा कागद घ्या. तुमच्या १९७८ च्या गाडीत मधे काय काय बदललं हे इथल्या माणसाला ठाऊक नसतं.

विमानाने आणायचा खर्च आणि कस्टम धरलं तर कुर्ला काकांचा मंगळवेढा नक्कीच स्वस्त.

---

तिखटशेव, २३ नोव्हेंबर २०२४

अवांतर: आमच्याकडे त्याच्याही आधीची होती, जिला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणायचे. तिच्या फ्लोअरला आजोबा दर मे महिन्यात जळकं ऑइल मारायचे. मेली तेव्हा फ्लोअर शाबूत होता, बाकी काहीच नव्हतं. सगळे कोटिंगवाले यावर काय म्हणतात?

---

ग्रीसगन, २४ नोव्हेंबर २०२४

आजोबा चूक नव्हते. ऑइल फटीत शिरतं, पाणी ढकलतं. पण ते ब्रेकच्या रबरी नळ्या आणि सस्पेन्शनच्या बुशही फुगवतं, अंगणभर ठिबकतं, आणि त्याच्यावर नंतर वेल्डिंग करायला गेलात तर पेटतं. बंद सिलच्या आत आजकाल मेणाचा फवारा मारतात, काम तेच, त्रास नाही.

ऑइलपेक्षा वाईट म्हणजे गंजावरच थेट काळं रबरी कोटिंग फासणं. आत गंज आपला निवांत चालू राहतो आणि मालक म्हणतो, अंडरकोटिंग केलंय!

---

वाशिष्ठीकाठचा, ८ जानेवारी २०२५

अपडेट, जरा लांबलंय.

काकांचा सल्ला शिरोधार्य मानून डिसेंबरात मंगळवेढ्याच्या बाजूला गेलो. ज्वारी कमरेएवढी, मधे एक पत्र्याचं शेड, शेडमध्ये १९८२ ची पद्मिनी. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मालक आजोबा म्हणाले, "कापून न्या, पण स्टिअरिंग ठेवा, नातू खेळतो." पुढचा उजवा भाग अप्रतिम मिळाला, हातोडीने वाजवला तर देवळातल्या घंटेसारखा. मागचा डावा नेमका खराब, कारण कोंबड्यांची विष्ठा सगळी तिथेच. तीही पत्रा खाते, हे मला नवीन होतं. कागद बघितले, पावती लिहून घेतली.

म्हणजे अर्धा प्रश्न सुटला. मागचा डावा बनवावा लागणार. उठाव कसे काढू?

---

मोगरी_छिन्नी, ८ जानेवारी २०२५

दोन रस्ते. एक, बाभळीच्या जाड फळीत खाचा कोरून साचा करायचा, पत्रा वर धरून लाकडी मोगरीनं हळूहळू बसवायचा. दिवस जातो, पण मस्त होतो.

दुसरा. तुझ्या जवळपास धान्याच्या कोठ्या बनवणारा कोण आहे काय बघ. कोठीच्या अंगावर ज्या गोल कड्या असतात ना, त्या काढायचं हातानं फिरवायचं मशीन त्याच्याकडं असतंय. तेच मशीन, तोच उठाव. फकस्त दोन गोष्टी. त्याच्याकडं जीआय पत्रा असणार, म्हणून आपला सीआर पत्रा आपण घेऊन जायचा. आणि मशीनचा जबडा किती खोल आहे ते मोजायचं. आखूड असला तर मधल्या उठावापर्यंत पोचत नाही.

---

वाशिष्ठीकाठचा, २ फेब्रुवारी २०२५

मोगरीभाऊ, दंडवत.

कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला गेलो. मंडईच्या मागे एक कोठीवाले मामा भेटले. "गाडीचा पत्रा? मी गहू भरायच्या कोठ्या करतो, बाबा." जुना फ्लोअर दाखवला तर त्यांनी चष्मा वर केला, बोटाने उठाव चाचपला आणि म्हणाले, "ही आमचीच कडी की!"

जबडा १२ इंचांचा. दोन्ही कडांकडून फिरवला, मधला उठाव बरोब्बर हातात आला. त्यांचा पत्रा पातळ असतो, माझा २० गेज, त्यामुळे एका फेरीत कडी उमटेना. तीन फेऱ्या केल्या, दर फेरीला वरचा स्क्रू पाव आटा घट्ट. मी हँडल फिरवत होतो, मामा पत्रा सरळ धरत होते. दुसऱ्या फेरीला मी घाईने फिरवलं तर पत्रा केळ्यासारखा वाकला. मामांनी एक शब्द न बोलता पत्रा उलटा केला, गुडघ्यावर ठेवला, तीन ठिकाणी थाप मारली, सरळ. पैसे घेताना म्हणाले, "गाडी झाली की दाखवायला आण."

---

नियमवाली, ४ फेब्रुवारी २०२५

कापाकापी सुरू व्हायच्या आधी एक. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी त्यात बसते, नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की चेसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. तुमची गाडी २०२८ ला ५० वर्षांची होईल. म्हणून मूळ आकाराचा पत्रा लावताय ते उत्तमच, पण कामाचे फोटो तारखेसकट ठेवा. आणि व्हीए नंबराची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. आईंना घेऊन रोज बाजारात जायचं असेल तर नेहमीचीच फेरनोंदणी बरी.

---

वाशिष्ठीकाठचा, १६ मार्च २०२५

काम झालं. इथल्या डेंटरनेच केलं, तोच 'दोन दिवसांचं काम'वाला. ग्रीसगनदादांचे प्रतिसाद प्रिंट काढून त्याच्या गॅरेजच्या भिंतीला चिकटवले होते. पहिले दोन दिवस तो माझ्याशी बोललाच नाही.

बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवली, खालच्या ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या बाजूला घेतल्या. शेजारी वाळूची बादली आणि ओलं गोणपाट. कापायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा आणि तिरका वेल्डिंगच्या टाक्यांनी लावला. टेपने कोपरा ते कोपरा मापं घेऊन खांबावरच लिहून ठेवली. एका वेळी एकच बाजू कापली.

डाव्या सिलचा आतला पत्रा उघडला तेव्हा सगळे गप्प झालो. आत गाळ! पुराचा गाळ, साडेतीन वर्षं तिथेच. वरून वाळलेला, आत बोट घातलं तर अजून गार आणि ओलसर. पाऊण घमेलं निघाला. फ्लोअर वरून सडला नव्हताच, सिल आतून कुजवत होती. नुसता फ्लोअर बदलला असता तर पुन्हा हेच झालं असतं. पाणी जायची भोकं गाळाने बुजलेली, एकात मूळ रबरी बूच अजून तसंच.

कडेला जिथे जुने स्पॉट वेल्ड होते तिथे ८ मिमीने ड्रिल करून पत्रा सोडवला. नव्याला तेवढीच भोकं पाडून सीओटू वेल्डिंगने भरली, तार ०.८ मिमीची. मधला जोड कडेला कड लावून, एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग थांबायचं. डेंटर आधी गॅसने करू म्हणत होता. एका फालतू तुकड्यावर गॅस मारून दाखवला, पत्रा पापडासारखा फुगला, मग त्यालाच पटलं. जोडाच्या पोटात जस्ताचा प्रायमर, वर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, सिलमध्ये मेण. नुसतं रेड ऑक्साइड मारून पाठवू नका, हे डेंटरने आता मला सांगितलं.

---

ग्रीसगन, १६ मार्च २०२५

पाइप काढल्यावर दारं?

---

वाशिष्ठीकाठचा, १६ मार्च २०२५

कर्ण दोन्हीकडे २ मिमीच्या आत. मागचं डावं दार पूर्वी उचलून लावायला लागायचं, ते आता नुसतं ढकललं की बसतं. माझ्या लहानपणापासून ते दार उचलूनच लावतोय. म्हणजे सिल पुराच्या आधीच खचायला लागली होती.

---

कुर्ला_पश्चिम, १८ मार्च २०२५

शाब्बास. उजवी सिल उघडून बघितली का?

---

वाशिष्ठीकाठचा, १८ मार्च २०२५

काका, नेमकं वर्मावर बोट ठेवलंत. उजवीकडे बोअरस्कोप (वायरच्या टोकाचा बारीक कॅमेरा) घालून बघितलं, तिथेही गाळ आहे, पण पत्रा अजून 'टण' म्हणतोय. सध्या भोकं मोकळी करून पाण्याने धुतली, चार दिवस हवा मारली, मेण भरलं. पुढच्या थंडीत उघडणार.

---

तिखटशेव, २० मार्च २०२५

आणि तो २४ गेजचा 'कोटिंग धरून २०'? आणि आई?

---

वाशिष्ठीकाठचा, २० मार्च २०२५

पत्रा मंगळवेढ्याला पाठवला. त्या कोंबड्यांची गाडी मी कापली होती, त्यांच्या नव्या खुराड्यावर छप्पर झालंय.

आईला काल गुहागरला नेलं. रस्त्यात टँकर सांडला होता, तिथे डबकं. आरशात बघितलं, तिने पाय वर घेतलेच होते.

---

सांगोलेकर, २१ मार्च २०२५

कऱ्हाडच्या कोठीवाल्या मामांचा पत्ता मिळेल का? माझी ११०० डिलाइट आहे, मागचे दोन्ही गेलेत.

---

वाशिष्ठीकाठचा, २१ मार्च २०२५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पत्रा आपला न्या, आणि हँडल हळू फिरवा.